वीस टक्के कशाचे?

यंदा गणपतीला गावी गेलो तेव्हा माझं आणि अण्णांचं भांडण झालं. विषय पेट्रोलचा होता.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. अण्णा लातूर जिल्ह्यात शेती करतात. सात एकर रान, त्यात दोन एकर ऊस आणि पाच एकर सोयाबीन. माझं इंजिनिअरिंग उसाच्या बिलावर झालं, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे 'पुण्यात बसून शेतकऱ्यांना शहाणपण शिकवतो' असं पुढे कुणी म्हणायला नको. म्हणालात तरी चालेल. अण्णा तेच म्हणाले.

झालं असं, की जेवताना मी बाइकच्या ॲव्हरेजचं रडगाणं लावलं. माझी बाइक २०१६ सालची. टाकी भरली की लिटर आणि किलोमीटर एका शीटमध्ये लिहायची मला सवय आहे. तीन वर्षांपूर्वी लिटरला ५१ किलोमीटर मिळायचे, आता ४९ मिळतात. ट्रॅफिक, टायर, इंजिनाचं वय, सगळंच त्यात आलं, त्यामुळे माझी शीट म्हणजे काही पुरावा नाही. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्याचाही यात वाटा आहे, एवढंच मी म्हणालो. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"दोन किलोमीटर कमी पळाली तर तुम्ही लोकं इंटरनेट डोक्यावर घ्येता. आमची बिलं वर्ष-वर्ष अडकायची, तवा कुठं होतास रं?"

मी गप्प बसलो. कारण त्यांचं खरं होतं.

अण्णांची बाजू

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असा नियम १९६६ पासून आहे. तो किती पाळला गेला, हे कुठल्याही ऊस उत्पादकाला विचारा. साखरेचं पीक उदंड आलं की भाव पडायचे, कारखान्याच्या गोदामात पोती पडून राहायची आणि एफआरपी थकायची. मी कॉलेजात असताना माझी एका सेमिस्टरची फी उशिरा भरली गेली, कारण बिल आलं नव्हतं.

इथेनॉलनं यात फरक पडला, हे मान्य करायला पाहिजे. जास्तीची साखर करण्याऐवजी उसाचा रस किंवा बी-हेवी मळी डिस्टिलरीकडे वळवता येते. तेल कंपन्या ठरलेल्या दरानं विकत घेतात आणि पैसे लवकर देतात. कारखान्याच्या हातात पैसा खेळला की शेतकऱ्याचं बिल निघतं. २०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण जेमतेम दीड टक्का होतं. २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० साठी होतं, ते अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये गाठलंही गेलं. आपल्या देशात सरकारी लक्ष्य पाच वर्षं आधी पूर्ण होणं ही काही रोजची गोष्ट नाही.

म्हणून माझं म्हणणं नीट समजून घ्या. साखर धंद्याच्या दुखण्यावरचं औषध म्हणून इथेनॉलला माझी ना नाही. माझी हरकत बाटलीवरच्या लेबलला आहे. लेबलवर लिहिलंय 'तेलाच्या परावलंबनावरचा उपाय'. हे लेबल खोटं आहे, आणि ते खोटं असल्यामुळे आपण औषधाचा डोस चुकवतोय.

हिरवा डॅशबोर्ड

आमच्या टीममध्ये एकदा फतवा निघाला होता, की महिन्याला किती तिकिटं बंद केली यावर कामगिरी मोजायची. पुढच्या महिन्यात एका बगची तीन तिकिटं व्हायला लागली. डॅशबोर्ड हिरवागार झाला आणि ग्राहक पहिल्यासारखेच बोंबलत राहिले. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येकानं हा प्रकार पाहिलाय. जे मोजता ते वाढतं, मग ते तुम्हाला हवं असो वा नसो.

'२० टक्के' हा तसाच आकडा आहे. २० टक्के कशाचे? पेट्रोलच्या लिटरचे. देशाच्या तेलाचे नव्हेत. हा फरक नीट पाहू.

भारतात वापरल्या जाणाऱ्या सगळ्या पेट्रोलियम पदार्थांत पेट्रोलचा वाटा साधारण एक षष्ठांश. सगळ्यात जास्त खप डिझेलचा, पेट्रोलच्या दुपटीहून अधिक. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, जनरेटर, सगळं डिझेलवर. तिथे इथेनॉलचा काही उपयोग नाही. दुसरी गोष्ट, इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात इथेनॉलमुळे येणारी ऊर्जा १४ टक्क्यांच्या आसपास. आता एक षष्ठांशाचे १४ टक्के काढा. उत्तर येतं साधारण अडीच टक्के. ऊस पिकवायला, तोडायला आणि वाहून न्यायला जे डिझेल जळतं, ते यातून अजून वजा केलेलं नाही.

सरकारचाच आकडा घ्या. २०१४-१५ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत इथेनॉलमुळे सुमारे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचं परकीय चलन वाचलं, असं पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. ऐकायला प्रचंड वाटतं. पण कच्च्या तेलाचं आपलं एका वर्षाचं बिल ११ लाख कोटी रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे ११ वर्षांत मिळून आपण दीड महिन्याचं बिल वाचवलं.

आणि परावलंबन? २०१५ मध्ये पंतप्रधानांनी उद्दिष्ट सांगितलं होतं, की २०२२ पर्यंत तेलाची आयात दहा टक्क्यांनी खाली आणायची. तेव्हा आपण ७७-७८ टक्के कच्चं तेल बाहेरून आणत होतो. २०२४-२५ मध्ये हा आकडा ८८ टक्क्यांवर गेला. वापर वाढला, देशातलं उत्पादन घटलं, ही त्याची कारणं. इथेनॉलमुळे परावलंबन वाढलं असं कुणी म्हणणार नाही. पण एक आकडा दीडवरून २० वर गेला आणि ज्यासाठी तो वाढवायचा होता तो आकडा उलट्या दिशेनं गेला, तर डॅशबोर्डवर शंका घ्यायची की नाही?

फरक कुणी भरायचा?

आता माझ्या दोन किलोमीटरांकडे येतो. ॲव्हरेज कमी होणार हे सरकारला ठाऊक होतं. नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉलविषयीचा अहवाल उघडा. त्यात लिहिलंय, की जुन्या ठेवणीच्या चारचाकींची कार्यक्षमता २० टक्के मिश्रणावर ६-७ टक्क्यांनी आणि दुचाकींची ३-४ टक्क्यांनी घटेल. त्याच अहवालात एक शिफारसही होती: ऊर्जा कमी मिळते, तर ग्राहकाला करात सवलत देऊन भरपाई करा.

भरपाई कुठे आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयानं खुलासा केला, की अहवाल लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता त्याची सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१ रुपये ३२ पैसे झालीय, त्यामुळे पेट्रोल स्वस्त करता येत नाही. म्हणजे वस्तू ऊर्जेनं हलकी आणि वर किमतीनं महाग. तरीही पंपावर दर तोच. फरक कोण भरतंय, ते सांगायला नको.

माझ्यापुरता हा फरक महिन्याला साठ-सत्तर रुपयांचा. एक मिसळ कमी खाईन. प्रश्न रकमेचा असता तर मी लिहायला बसलोच नसतो. पण रोज शंभर किलोमीटर बाइक पळवणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोराला विचारा. त्याची बाइक बहुतेक वेळा जुनीच असते, पेट्रोल त्याच्या खिशातून जातं आणि २० टक्क्यांची जाहिरात कधीच त्याच्याशी बोलत नाही.

ब्राझीलचं उदाहरण सारखं दिलं जातं, तर पूर्ण द्यावं. तिथे १९७५ पासून हा कार्यक्रम सुरू आहे आणि पेट्रोलमध्ये आपल्यापेक्षाही जास्त इथेनॉल मिसळतात. पण त्याच पंपावर नुसतं इथेनॉलही वेगळ्या नळीतून, वेगळ्या दरानं मिळतं. २००३ पासून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आल्या. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल, हा हिशोब तिथल्या साध्या टॅक्सीवाल्यालाही पाठ असतो. आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय द्या, अशी मागणी करणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. न्यायालयाचा निर्णय मान्य. पण पर्याय द्यायला सरकारला कुणी अडवलंय का? ब्राझीलकडून आपण टक्के घेतले आणि निवड तिथेच ठेवून आलो.

मिरजेहून लातूरला

अण्णांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मिसळीचे पैसे मी देतो." मग मी पाण्यावर आलो.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी सेकंड इयरला होतो. माझी मावशी लातूर शहरात राहते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांवर मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती. मावशीच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून ती आणि तिची सून आळीपाळीनं रात्री जाग्या राहायच्या. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी आली. पहिल्या खेपेला दहा डबे, पुढे पन्नास डबे, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. देशभरातल्या चॅनेलांनी तिचे फोटो दाखवले. मावशीनं फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं, "पाणी आगगाडीनं यायला लागलं बघ."

योगायोग असा, की पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ मध्ये तीन ठिकाणी झाले. त्यातलं एक ठिकाण मिरज.

आता हिशोब करू. नीती आयोगाच्या त्याच अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल तयार व्हायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. पन्नास डब्यांच्या गाडीतले २५ लाख लिटर पाणी भागिले २,८६०. उत्तर ८७४ लिटर इथेनॉल. पंपावर येणाऱ्या १२ हजार लिटरच्या एका टँकरमध्ये २,४०० लिटर इथेनॉल असतं. म्हणजे त्या एका टँकरमागे पाण्याच्या जवळजवळ तीन अख्ख्या रेल्वेगाड्या.

कुणी म्हणेल, ऊस साखरेसाठी लावलेलाच असतो, मळी वाया गेली असती. सी-हेवी मळीच्या बाबतीत हे खरं आहे. साखर काढून उरलेल्या मळीचं इथेनॉल करा, त्याला कुणी शहाणा माणूस विरोध करणार नाही. पण थेट रसापासून इथेनॉल करायला लागलो, की ऊस इंधनासाठीच पिकवला असं म्हणावं लागेल. महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम चार टक्क्यांवर ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्यापैकी साधारण दोन तृतीयांश पाणी तो पितो. कृषिमूल्य आयोगानंही हे लिहून ठेवलंय. ब्राझीलचा बहुतेक ऊस पावसावर वाढतो. आमचा बोअरवर. आमच्या रानातला पहिला बोअर दीडशे फुटांवर लागला होता. आताचा सहाशेवर आहे.

'पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पिकंच पाण्याखाली गेली, कसला दुष्काळ घेऊन बसलात,' असंही ऐकू येईल. एका वर्षाच्या पुरानं सहाशे फुटांचा खड्डा भरत नसतो. पाऊस रुसला की इथेनॉलही रुसतं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबरमध्ये केंद्रानं एका आदेशानं रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, मग थोडी सैल केली, आणि पुढच्या हंगामासाठी उठवली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारणारे कारखाने बघत राहिले. आखातातल्या युद्धावर अवलंबून राहायचं नाही म्हणून आपण आपल्या मान्सूनवर अवलंबून राहायला निघालोय.

त्याच रानातलं सोयाबीन

मग उपाय म्हणून धान्य आलं. आज देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून होतं, त्यात मका सगळ्यात पुढे. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. मक्याला पाणी कमी लागतं, मका उत्पादकाला भाव मिळतो, छान. पण मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिनं भरपूर, आणि तो स्वस्त. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात पूर्वी सोयापेंड जायची, तिथे आता हा चोथा घुसलाय. सोयापेंडीची मागणी घटली की सोयाबीनचा भाव दबतो. भाव पडायला इतरही कारणं आहेत, जागतिक बाजार आहे, खाद्यतेलाची आयात आहे. पण हे एक कारण आहे, आणि लातूरच्या बाजारात अडत्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना ते माहीत आहे.

२०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. अण्णांनी चार हजार शंभरनं विकलं.

म्हणजे आमच्याच बांधाच्या आत, इथेनॉलनं दोन एकरांचं बिल वेळेवर दिलं आणि पाच एकरांचा भाव पाडायला हात लावला. हे मी अण्णांना कागदावर मांडून दाखवलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या कागदावर समदं बसतंय रं. पण उसाला गिऱ्हाईक ठरल्यालं असतंय. सोयाबीनला कोण हाय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हाच प्रश्न सरकारला विचारायला हवा. अण्णांना उसाचं प्रेम नाही. त्यांना खात्रीचं गिऱ्हाईक हवंय. ते आपण फक्त एकाच पिकाला दिलं, आणि तेही मराठवाड्यात सगळ्यात तहानलेल्या पिकाला.

एका एकरात किती किलोमीटर?

तेल खरंच कमी करायचं असेल तर मोजमाप बदलू. एका एकरातून गाडी किती किलोमीटर पळते, ते बघू.

एकरी ४० टन ऊस धरला आणि सगळा रस इथेनॉलला दिला, तर टनाला ७० लिटरप्रमाणे २,८०० लिटर. पेट्रोलवर ५० किलोमीटर देणारी बाइक नुसत्या इथेनॉलवर साधारण ३३ देईल. एकूण ९२ हजार किलोमीटर. आता त्याच एकरावर सौर पॅनेल टाका. एकरात साधारण २५० किलोवॉट बसतात आणि वर्षाला पावणेचार लाख युनिट वीज होते. वाटेत आणि चार्जिंगमध्ये वीस टक्के गेले असं धरलं, तरी तीन लाख युनिट उरतात. इलेक्ट्रिक स्कूटर युनिटला तीसेक किलोमीटर जाते. एकूण ९० लाख किलोमीटर. जवळपास शंभरपट, आणि पाणी लागलंच तर पॅनेल धुण्यापुरतं.

बॅटरी बाहेरून येते, हा आक्षेप बरोबर आहे. पण बॅटरी एकदा घेतली की काही वर्षं चालते, पेट्रोल रोज जळतं. उसाच्या चिपाडापासून कारखाना वीज करतो, तीही यात मोजा हवं तर. शंभरपटीचा आकडा खाली येईल, पण फरक मोठाच राहील.

हे फक्त कागदावरचं नाही. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, म्हणजे एकरी पन्नास हजार. रेल्वेनं जवळजवळ सगळं ब्रॉडगेज जाळं विजेवर आणलं आणि डिझेल वाचवलं, पण त्यासाठी पंपावर होर्डिंग लागले नाहीत. खरी बचत अशीच होते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पंपावर मिश्रणाचं प्रमाण मोठ्या अक्षरांत लिहा आणि दर ऊर्जेप्रमाणे लावा. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचं पेट्रोल ठेवा. दुष्काळी खोऱ्यांत फक्त उरलेल्या मळीचं इथेनॉल करा. उसाला ठिबक सक्तीचं करायचं २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं होतं, ते रानात उतरवा. सोयाबीन, तूर, हरभऱ्याला उसासारखं ठरलेलं गिऱ्हाईक द्या. आणि दर वर्षी टक्क्यांऐवजी हे जाहीर करा: किती कच्चं तेल वाचलं, किती पाण्यात आणि किती रुपयांत.

पुण्याला निघताना अण्णांनी विचारलं, "ती सौरवाली जमीन भाड्यानं घेत्यात, ती आपल्याकडनं घेतील का?" उपकेंद्र आमच्या रानापासून लांब आहे. बहुतेक नाही घेणार. मी तसं सांगितलं. अण्णांनी मान हलवली आणि यंदाही खोडवा ठेवला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलेलाच नाही, जसा माझ्यापुढे पंपावर ठेवलेला नाही.

पुढच्या वेळी ३० टक्क्यांची घोषणा होईल, तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारा: कशाचे?